संगणक सुरक्षेची प्रयोगशाळा : एका आज्ञेत उभी, एका आज्ञेत जमीनदोस्त

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या सायबर हल्ल्यात तीन दिवसांच्या अवधीत सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. बँकेची तिजोरी कोणी फोडली नाही की कोणा रोखपालाला धमकावले नाही. एटीएममधील व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी बनावट स्विच उभा केला आणि बनावट कार्डांच्या साह्याने अनेक देशांतील एटीएममधून रक्कम काढली गेली. अशी घटना घडली की सायबर सुरक्षेतील प्रशिक्षित मनुष्यबळाच्या तुटवड्याची चर्चा सुरू होते आणि महाविद्यालयांत नवे अभ्यासक्रम जाहीर होतात. मात्र या विद्यार्थ्यांनी सराव नेमका कोठे करायचा, हा प्रश्न बहुधा मागेच राहतो.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला आम्ल हाताळण्यासाठी प्रयोगशाळा असते. संगणक सुरक्षा शिकणाऱ्याला कुलूप कसे तुटते हे पाहायचे असते आणि त्यासाठी तोडण्याजोगे कुलूप लागते. ते दुसऱ्याचे असून चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरणे हेच नुकसानभरपाईस पात्र ठरणारे कृत्य आहे आणि तेच लबाडीच्या हेतूने केले तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘सर, मी फक्त शिकत होतो’ हा बचाव न्यायालयात फारसा उपयोगी पडत नाही.

कुंपणाबाहेर केलेला प्रयोग कोठवर जातो, याचे उदाहरण इंटरनेटच्या बालपणातच घडले. कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट टॅपन मॉरिस याने २ नोव्हेंबर १९८८ रोजी एक स्वयंप्रसारी आज्ञावली इंटरनेटवर सोडली. तिने नुकसान करावे असा त्याचा उद्देश नव्हता, असे त्याचे म्हणणे होते. पण एकाच संगणकात पुनःपुन्हा शिरण्याच्या तिच्या रीतीमुळे सुमारे सहा हजार संगणक ठप्प झाले, असा तेव्हाचा अंदाज होता. अमेरिकेच्या संगणक गैरवापर कायद्याखाली दोषी ठरलेला तो पहिला आरोपी. त्याला तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तास समाजसेवा आणि दहा हजार डॉलरचा दंड अशी शिक्षा झाली. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला, हा या कथेचा उत्तरार्ध. मॉरिसने वापरलेल्या युक्त्यांपैकी ‘बफर ओव्हरफ्लो’ ही युक्ती आज जगभरच्या वर्गांत प्रात्यक्षिक म्हणून शिकवली जाते. फरक इतकाच, की ती आता कुंपणाच्या आत घडते.

संगणकाच्या पोटात संगणक

हे कुंपण म्हणजे आभासी संगणक. एका खऱ्या संगणकावर आज्ञावलीच्या साह्याने दुसरा, तिसरा, चौथा संगणक उभा करायचा. त्या प्रत्येकाला वाटावे की आपल्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची स्मृती आणि स्वतःची हार्ड डिस्क आहे. कल्पना जुनी आहे. आयबीएमने आपल्या अवाढव्य यंत्रांवर १९६० च्या दशकातच तिचे प्रयोग केले आणि १९७२ मध्ये व्हीएम-३७० ही प्रणाली बाजारात आणली. टेबलावरच्या साध्या संगणकासाठी ती सोय १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने उपलब्ध केली. इंटेलने २००५ पासून आणि एएमडीने त्यापाठोपाठ आपल्या प्रोसेसरमध्येच तिला आधार दिल्यावर वेगाची अडचणही बरीचशी सुटली. अर्थात, विकत घेतलेल्या अनेक संगणकांत ही सुविधा बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते आणि ‘आभासी संगणक चालतच नाही’ या तक्रारीचे मूळ बरेचदा या एका न दाबलेल्या खटक्यात सापडते.

शिक्षकाच्या दृष्टीने आभासी संगणकाचा मोठा गुण म्हणजे त्याचा ‘स्नॅपशॉट’ घेता येतो. प्रयोगापूर्वीची स्थिती जतन करून ठेवायची. विद्यार्थ्याने यंत्रणेची वाट लावली, की काही क्षणांत मूळ स्थितीवर परतायचे. खऱ्या संगणकाच्या बाबतीत हेच करायचे तर सगळी प्रणाली नव्याने बसवण्यात अर्धा दिवस खर्ची पडतो.

तरीही नुसत्या आभासी संगणकांनी भागत नाही, आणि याचे कारण साध्या अंकगणितात आहे. वर्गात ६० विद्यार्थी आहेत असे समजू. एका प्रयोगासाठी प्रत्येकाला तीन यंत्रे लागतात : एक हल्लेखोराचे, एक सावजाचे आणि एक मधल्या राउटरचे. म्हणजे १८० यंत्रे. प्रत्येक यंत्र हाताने उभे करायला, त्याला पत्ता द्यायला, त्यात आज्ञावली भरायला २० मिनिटे धरली तर ६० तास होतात. एवढे करूनही कोठेतरी पत्त्यात एक आकडा चुकलेला असतो, कोणाच्या यंत्रावर जुनी आवृत्ती असते आणि दोन तासांच्या प्रात्यक्षिकातील पहिला तास ‘सर, माझे सुरूच होत नाही’ यात संपतो. पुढच्या आठवड्याचा प्रयोग निराळा, म्हणून पुन्हा ६० तास. परिणामी बरेच शिक्षक प्रात्यक्षिक पडद्यावर दाखवतात आणि विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात. पोहणे फळ्यावर शिकवण्यासारखाच हा प्रकार.

पाककृती लिहिली की झाले

यावरचा तोडगा महाविद्यालयांतून आलेला नाही, तो उद्योगातून आला. शेकडो सर्व्हर सांभाळणाऱ्या कंपन्यांना हीच डोकेदुखी होती. त्यांनी संगणक हाताने रचण्याऐवजी त्याचे वर्णन एका मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवायला सुरुवात केली. ‘मला उबुंटूचे एक यंत्र हवे, त्याला दोन जीबी स्मृती द्या, हा पत्ता द्या, त्यावर ही वेबसेवा बसवा.’ फाइल वाचून यंत्र उभे करण्याचे काम दुसरी आज्ञावली करते. मिचेल हाशिमोटो यांची ‘व्हेग्रंट’ ही आज्ञावली २०१० मध्ये आली. मायकेल डिहान यांची ‘अॅन्सिबल’ २०१२ मध्ये. पहिली यंत्र जन्माला घालते, दुसरी त्याला संस्कार देते, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

अशा फाइलला जाणकार ‘रेसिपी’ किंवा ‘प्लेबुक’ म्हणतात. मात्र स्वयंपाकघरातील पाककृतीत आणि या पाककृतीत एक महत्त्वाचा फरक आहे. ‘कुकरमध्ये दोन वाट्या पाणी घाला’ ही सूचना चुकून दोनदा पाळली गेली तर भाताचा गिचका होतो. अॅन्सिबलसारख्या साधनात सूचना बहुधा निराळ्या पद्धतीने लिहिली जाते : ‘कुकरमध्ये दोन वाट्या पाणी असावे.’ आधीच असेल तर काही करू नये, कमी असेल तर भर घालावी. त्यामुळे तीच फाइल दहा वेळा चालवली तरी निकाल एकच येतो. काम अर्ध्यावर वीज गेली तर ती पुन्हा पहिल्यापासून चालवता येते. शंभर यंत्रांपैकी तीन बिघडली असतील तर त्या तिघांचीच दुरुस्ती होते. प्रयोगशाळेच्या दृष्टीने स्वयंचलनाचे हे मर्म आहे.

जागेचा प्रश्नही याच वाटेने सुटतो. प्रत्येकी २० जीबी धरल्यास वरच्या १८० यंत्रांना ३,६०० जीबी जागा लागेल. पण तीनच मूळ प्रती ठेवून उरलेल्या सर्व यंत्रांना त्यांच्याशी जोडलेले ‘क्लोन’ बनवले, तर प्रत्येक यंत्र फक्त स्वतःत झालेला बदल साठवते. तो सरासरी दीड जीबी मानला तर सारा कारभार ३३० जीबीत बसतो. स्मृतीची चणचण मात्र उरते. तेथे ‘कंटेनर’ उपयोगी पडतात. कंटेनरमध्ये संपूर्ण संगणक उभा करावा लागत नाही. यजमान प्रणालीचा गाभा सामायिक ठेवून प्रत्येकाला निराळी खोली दिली जाते. २०१३ मध्ये आलेल्या ‘डॉकर’ने हे तंत्र सर्वसामान्यांच्या हाती दिले. बंगल्यांच्या जागी चाळ, असा हा हिशेब आहे. चाळीत माणसे जास्त राहतात. भिंती मात्र पातळ असतात.

प्रत्येकाला वेगळा पेपर

कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे अमेरिकी नौदलाचे पदव्युत्तर विद्यालय आहे. तेथे तयार झालेला ‘लॅबटेनर्स’ हा प्रकल्प या साऱ्या तंत्राचा वर्गातील वापर कसा असतो, हे समजून घेण्यास सोयीचा आहे. तो मोफत उपलब्ध आहे. विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवर एकच आभासी संगणक बसवतो आणि त्याच्या आत डॉकरचे कंटेनर प्रयोगापुरते उभे राहतात. प्रयोगाचे नाव टंकले, की त्या प्रयोगाला लागणारी सगळी यंत्रे, त्यांच्यातील जोडण्या आणि त्यांवरील फाइली आपोआप रचल्या जातात.

त्यातील एक प्राथमिक प्रयोग टेलनेटचा आहे. दोन यंत्रे असतात. विद्यार्थी पहिल्या यंत्रावरून टेलनेट या जुन्या पद्धतीने दुसऱ्यात प्रवेश करतो आणि त्याच वेळी जाळ्यावरून जाणारी वाहतूक टिपणारी आज्ञावली चालवतो. त्याने टंकलेला पासवर्ड एकेक अक्षर करून, उघड्या पत्रासारखा पडद्यावर येतो. मग तेच काम तो एसएसएच या सांकेतिक पद्धतीने करतो. आता पडद्यावर केवळ अगम्य चिन्हांची गर्दी दिसते. ‘टेलनेट असुरक्षित आहे’ हे वाक्य पाठ करणे आणि स्वतःचाच पासवर्ड असा उघडा पडलेला पाहणे यांत किती अंतर आहे, हे सांगायला नको.

प्रयोग सुरू होताना विद्यार्थ्याला त्याचा ई-मेल पत्ता विचारला जातो आणि त्यावरून प्रयोगातील काही तपशील बदलले जातात. टेलनेटच्या प्रयोगात दुसऱ्या यंत्रावरील फाइलमधला मजकूर प्रत्येकासाठी निराळा असतो. त्यामुळे शेजाऱ्याचे उत्तर उतरवून घेण्यात अर्थ उरत नाही. उतरवलेच, तर कोणाचे उतरवले हेही कळते. प्रयोग थांबवताच विद्यार्थ्याने काय केले याच्या नोंदी एका गठ्ठ्यात बांधल्या जातात, तो गठ्ठा शिक्षकाकडे जातो आणि प्राथमिक तपासणी यंत्रच करते. ज्या शिक्षकाने ६० जर्नले रात्री जागून तपासली आहेत, त्याला या सोयीचे मोल वेगळे समजावण्याची गरज नाही.

इंग्लंडमधील लीड्स बेकेट विद्यापीठाचा ‘सेकजेन’ हा प्रकल्प एक पाऊल पुढे जातो. तेथे शिक्षक ‘या यंत्रात बाहेरून शिरण्याजोगी एक फट हवी आणि आत आल्यावर अधिकार वाढवण्याजोगी दुसरी’ एवढेच सांगतो. नेमक्या कोणत्या फटी ठेवायच्या, हे आज्ञावली आपल्या संग्रहातून निवडते. दोन विद्यार्थ्यांना दोन निराळी सावजे मिळू शकतात आणि खुद्द शिक्षकालाही उत्तर आधी ठाऊक असेलच असे नाही. चेक प्रजासत्ताकातील ब्र्नो येथील मासारिक विद्यापीठाने २०१३ पासून ‘किपो’ हे सायबर सरावमैदान उभारले आणि २०२० मध्ये त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. तेथेही प्रत्येक प्रयोग म्हणजे जाळ्याचा नकाशा आणि अॅन्सिबलच्या सूचना, असा मजकुराचाच संच असतो. विद्यार्थ्यांनी टंकलेल्या आज्ञांच्या नोंदींवरून ते कोठे अडखळतात, याचा अभ्यासही तेथील संशोधकांनी केला आहे.

जुने मिळवण्याची कसरत

उद्योगातील पाककृती नेहमी नवी, दुरुस्त आवृत्ती बसवते. सुरक्षेच्या वर्गाला मात्र नेमकी सदोष आवृत्ती लागते आणि येथे एक चमत्कारिक पेच उभा राहतो. २०१४ मध्ये उघड झालेला ‘हार्टब्लीड’ हा दोष शिकवायचा तर ओपनएसएसएलची १.०.१ ते १.०.१ एफ यांपैकी एखादी आवृत्ती हवी. नेहमीच्या भांडारातून मागवली, तर दुरुस्त केलेली प्रत पदरात पडते. म्हणजे पाककृती बिनचूक चालते, यंत्र उभे राहते, विद्यार्थी हल्ला करतो आणि काहीच घडत नाही. गेल्या वर्षी चाललेला प्रयोग यंदा न चालण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. म्हणून जाणते शिक्षक पाककृतीत आवृत्तीचा क्रमांक स्पष्टपणे लिहितात, लागणारी जुनी सामग्री महाविद्यालयाच्या स्वतःच्या सर्व्हरवर जपून ठेवतात आणि सत्र सुरू होण्यापूर्वी सगळे प्रयोग एकदा कोऱ्या यंत्रावर चालवून पाहतात. डेबियनसारख्या प्रणालीचे जुन्या आवृत्त्यांचे तारीखवार भांडार उपलब्ध आहे, तेही कामी येते.

पायाखालची जमीनही सरकत असते. अॅपलने २०२० च्या अखेरीस आपल्या संगणकांत एआरएम पद्धतीचे प्रोसेसर बसवायला सुरुवात केली आणि इंटेलसाठी बनवलेले आभासी संगणक नव्या मॅकबुकवर पूर्वीसारखे चालेनासे झाले. व्हीएमवेअर कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने विकत घेतल्यावर कायमस्वरूपी परवाने बंद झाले. उलट तिची वर्कस्टेशन प्रो ही आज्ञावली २०२४ मध्ये सर्वांसाठी मोफत झाली. पाककृती एकाच कंपनीच्या साधनाला बांधलेली असेल, तर असा प्रत्येक निर्णय शिक्षकाच्या मुळावर येतो.

भिंती खरेच बंद आहेत काय?

या साऱ्यात सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती जाळ्याच्या जोडणीची. आभासी संगणक बाहेरच्या जगाशी तीन प्रकारे जोडता येतो. ‘ब्रिज’ पद्धतीत तो महाविद्यालयाच्या जाळ्यावर खऱ्या संगणकाच्या मांडीला मांडी लावून बसतो. ‘नॅट’मध्ये तो यजमानाच्या आडून बाहेर बोलतो. ‘अंतर्गत’ पद्धतीत फक्त आभासी यंत्रेच एकमेकांशी बोलतात. हल्ल्याच्या प्रयोगाला तिसरी पद्धतच योग्य. ब्रिज चुकून निवडला गेला आणि विद्यार्थ्याने वाहतूक आपल्याकडे वळवण्याचा ‘एआरपी स्पूफिंग’ हा प्रयोग केला, तर वाटेत ग्रंथालयाचे आणि कार्यालयाचेही संगणक येऊ शकतात. पत्ते वाटणारी सेवा अशा यंत्रावर चालू राहिली तर तिने वाटलेले खोटे पत्ते घेऊन निम्मी इमारत इंटरनेटवाचून बसते. हाताने केलेल्या १८० जोडण्यांत अशी एक चूक सहज होते. पाककृतीत ‘अंतर्गत’ हा शब्द एकदा लिहिला की तो १८० वेळा पाळला जातो, हा स्वयंचलनाचा सुरक्षेच्या अंगाने मोठा लाभ. मात्र याची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. पाककृतीत चूक झाली तर तीही १८० वेळा होते.

भिंतींना तडे असू शकतात, हेही सिद्ध झालेले आहे. २०१५ मध्ये ‘व्हेनम’ नावाचा दोष उजेडात आला. अनेक आभासी संगणकप्रणालींत वापरल्या जाणाऱ्या क्यूईएमयू या आज्ञावलीतील फ्लॉपी डिस्कच्या नियंत्रकात तो दडलेला होता. फ्लॉपी कोणी वापरेनासे होऊन वर्षे लोटली होती. तिचा जुना भाग मात्र तसाच पडून राहिला होता आणि त्यातून पाहुण्या संगणकाला यजमानावर ताबा मिळवणे शक्य होते. म्हणूनच खऱ्या विषाणूंचा अभ्यास कंटेनरच्या पातळ भिंतींवर सोपवू नये, सामायिक फोल्डर बंद ठेवावेत आणि यजमान प्रणाली अद्ययावत असावी, असे संकेत आहेत. यंत्रे भाड्याच्या क्लाउडवर असतील तर आणखी एक पथ्य पाळावे लागते. तास संपला की ती आपोआप नष्ट व्हावीत, अशी सूचना पाककृतीतच असावी. विसरलेले यंत्र रात्रंदिवस चालू राहते आणि महिनाअखेरीस बिल येते.

भारतात केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानांतर्गत उभ्या राहिलेल्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ प्रकल्पात आयआयटी मुंबईसह अनेक संस्थांचा सहभाग आहे आणि त्यातील प्रयोग घरबसल्या करता येतात. पण त्यांतील बरेचसे प्रयोग म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी प्रतिकृती असते. बटण दाबल्यावर काय घडणार, हे आधीच ठरलेले असते. एखादी संकल्पना समजण्यासाठी ते पुरेसे ठरते. संगणक सुरक्षेत मात्र विद्यार्थ्याने अनपेक्षित काहीतरी करून पाहणे हाच अभ्यास असतो, आणि त्यासाठी खरी प्रणाली चालवणारे यंत्रच लागते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात महागडा सर्व्हर नसला, इंटरनेट अधूनमधून जात असले, तरी एकदा पेनड्राइव्हवरून उतरवून घेतलेला लॅबटेनर्ससारखा संच साध्या लॅपटॉपवर चालू शकतो. अडचण उरते ती पाककृती लिहू-वाचू शकणाऱ्या शिक्षकाची. प्राध्यापकाच्या कार्यभारात ‘प्रयोग रचणे’ या कामाला तास धरले जात नाहीत.

अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात प्रा. वेनलियांग डू यांनी २००२ मध्ये ‘सीड’ प्रयोगमाला सुरू केली, ती याच पोकळीवरचा उपाय म्हणून. एकाने रचलेले प्रयोग इतरांनी आयते वापरावेत, हे तिचे सूत्र आहे आणि जगभरातील हजारावर संस्थांपर्यंत ती पोहोचली आहे. मॉरिसची युक्ती तेथील बफर ओव्हरफ्लोच्या प्रयोगात विद्यार्थी स्वतः करून पाहतो. सुरुवातीला यंत्राची सर्व कवचे काढून ठेवलेली असतात आणि हल्ला यशस्वी होतो. नंतर विद्यार्थी स्वतःच कवच चढवतो : प्रत्येक वेळी स्मृतीतील जागा बदलणारी व्यवस्था सुरू करतो. आता हल्ला फसतो. पण ३२ बिटांच्या प्रणालीत अशा जागांच्या शक्यता २ चा १९ वा घात, म्हणजे ५,२४,२८८ एवढ्याच असतात. विद्यार्थी तोच हल्ला पुनःपुन्हा करणारी चार ओळींची आज्ञावली लिहितो आणि वाट पाहत बसतो. बरेचदा काही मिनिटांतच दार उघडते. मग ६४ बिटांच्या यंत्रावर हे का जमत नाही, याचा हिशेब त्याला अहवालात मांडायचा असतो, आणि तो अहवाल आजही शिक्षकालाच वाचावा लागतो.